शून्य हंगाम

दर्जा ०. नोंद विश्वासार्ह.

"इथं नको आबा. अजून खाली."

धुळाजी बरकड्यांनी नुकतीच ठोकलेली मेख उपटली आणि लेकीकडे पाहिलं. वाघर अर्धी ताणून झाली होती. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची दोऱ्यांची जाळी. ती एकदा ताणली की आतली जमीन उजाडेपर्यंत मेंढरांची.

"मघाशी म्हनलीस हितंच. आता म्हंतीस खाली. मेंढरं हायत का सोंगट्या?"

"वारा फिरला. मनोऱ्याला हे खाचर आता दिसत नाही."

"मनोऱ्याला डोळं कुठं हायत?"

बांधावर बसलेला काशिराम शिगवण हसला. खाचर त्याचंच होतं. "धुळाबा, पोरीला शिकवलीस ना? आता हल गुमान."

बरकड्यांची मेंढरं दिवाळीनंतर घाट उतरून आंबेतळीच्या खोऱ्यात यायची, ती धुळाजींच्या आज्यापासून. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत रोज एकेकाकडे कळप बसवायचा. लेंडी आणि मूत जमिनीला मिळायचं, बिऱ्हाडाला पोटापुरतं भात. पावसाळ्याआधी पुन्हा घाट चढून फलटणकडे. त्यांची लेक मायाक्का याच वाटेवर टेम्पोत मागे बसून पाढे पाठ करत मोठी झाली. आश्रमशाळा, मग कॉलेज, मग हवेतल्या वायूंवर डॉक्टरेट. आता ती नत्रमापन केंद्रात होती आणि केंद्राचा मनोरा काशिरामाच्या वरच्या बांधावर उभा होता. तिथं तिला सगळे माया म्हणत.

तो मनोरा काय मोजतो, हे तिनं बापाला बऱ्याचदा सांगून पाहिलं होतं.

हवेत नायट्रोजन भरपूर आहे, पण तो झोपलेला. दोन अणू तिहेरी मिठी मारून असे पडलेले असतात की पिकाला ते हलवता येत नाहीत. वीज कडाडली, डाळीच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणूंनी जोर लावला किंवा कारखान्यात भट्टी पेटली की ती मिठी सुटते. नायट्रोजन जागा होतो. आणि जागा झालेला नायट्रोजन एका जागी ठरत नाही. अमोनिया होऊन जमिनीतून उडतो, धुरात मिसळतो, आम्ल होऊन परत पडतो. शेत त्याला सोडतं तसं घेतंही. भाताच्या पानात स्वतःचा थोडा अमोनिया असतो. भोवतीच्या हवेत त्याहून कमी असला तर पान देतं, जास्त असला तर ओढून घेतं.

ही देवघेव मोजायची कशी? शेतावरून हवा सरळ वाहत नाही, भोवऱ्याभोवऱ्यांनी लोळत जाते. वर जाणारा भोवरा खालची हवा नेतो, खाली येणारा वरची आणतो. मनोऱ्यावरचं एक यंत्र आवाजाच्या लहरींनी हे भोवरे टिपतं, शेजारचा लेसर त्याच क्षणी त्यातला अमोनिया. वर जाणाऱ्या हवेत तो जास्त सापडला तर शेत सोडतंय. खाली येणाऱ्या हवेत जास्त सापडला तर पितंय. दर अर्ध्या तासाला एक आकडा निघतो आणि आकड्याला एक दर्जा मिळतो. शून्य म्हणजे विश्वासार्ह. एक म्हणजे जपून वापरा. दोन म्हणजे टाकून द्या.

खरी अडचण पुढे होती. मनोऱ्याला वास आला, पण तो कुणाच्या शेतातून? केंद्रानं खोऱ्यात मनोरे वाढवले आणि वाऱ्याचा माग उलटा काढून उगमावर बोट ठेवणारी एक संगणकप्रणाली लिहिली. तिचं नाव 'माग'. माग लिहिला मायाक्कानं. पण लहान पोराला गाय दाखवल्याशिवाय 'गाय' शब्द शिकवता येत नाही, तसं 'माग'ला उगम दाखवल्याशिवाय उगम ओळखायला शिकवता येईना. कुठून, किती, कधीपासून अमोनिया निघतोय हे पक्कं माहीत असलेला एक उगम हवा होता.

युरियाबद्दल खोऱ्यात कुणाला विचारावं? युरियावर मर्यादा होती आणि वरची पोती गुपचूप यायची. कुणाच्याही दारात उभं राहा, उत्तर एकच. "आमी? फकस्त शेणखत."

खरं सांगणारा एकच माणूस होता. मेंढरं किती, कुठल्या खाचरात, कधी कोंडली, कधी हलवली, सगळं धुळाजींनी सांगितलं. लेकीपासून काय लपवायचं?

तो सगळा हंगाम धुळाजी मेखा ठोकत आणि उपटत राहिले. माग शिकला. मेंढरं कुठं बसली आहेत ते तो इतकं अचूक सांगायला लागला की केंद्रात टाळ्या पडल्या.

"झालं का तुज्या यंतराचं शिक्शान?" धुळाजींनी निघताना विचारलं.

"झालं."

"पास का नापास?"

"पहिला नंबर, आबा."

धुळाजींनी टेम्पोत चढता चढता मनोऱ्याकडे बघून हात केला, एखाद्या पाहुण्याला करावा तसा.

दर्जा १. जपून वापरा.

खोऱ्यातली रात्रीची गार हवा उतारानं समुद्राकडे जाते. समुद्रकाठी नवं बंदर उभं राहिलं होतं आणि बंदराभोवती शहर. जहाजांच्या नि गाड्यांच्या धुराला खोऱ्यातला अमोनिया भेटला की दोन्ही मिळून अतिसूक्ष्म कण होतात, नाकाच्या केसांना न जुमानणारे. शहरातली मुलं खोकू लागली. धूर कमी करणं अवघड होतं, कारण धुरावर बंदर चालत होतं. खोरं सोपं होतं.

'माग'चा नकाशा सगळ्यांच्या फोनवर आला. मेंढरांचा ठिपका तपकिरी, युरियाचा पांढरा, आगीचा लाल. ज्याच्या शेतात ठिपके फार, त्याची उन्हाळी भाताची पाण्याची पाळी बंद.

त्या दिवाळीनंतर मायाक्का मनोऱ्यावरचा लेसर पुसत असताना कळप खोऱ्यात उतरला. काशिरामानं चहा दिला. बशीतला चहा संपेपर्यंत तो दुसरंच काहीबाही बोलत राहिला.

"आज खालच्या खाचरापासनं सुरू करू?" धुळाजींनी विचारलं.

"धुळाबा, औंदा नको."

"का रं? नांगारलंस का?"

"नाय. ह्या बघ." काशिरामानं फोन पुढे केला. "माजी दोन्ही खाचरं तपकिरी. अजून एकदा झाली तर पाटाचा पानी जाईल. मग उन्हाळी भात काय तुज्या मेंढरांच्या लोकरीवर पिकवू?"

"पांढरा ठिपका न्हाई एक बी? समद्या खोऱ्यात?"

"हायत दोन-चार. ते पलीकडच्या बोरघऱ्याच्या वाडीत. आमच्याकडे कोण टाकतो युरिया?" काशिरामानं नजर बाजूला केली. मग मायाक्काकडे वळून म्हणाला, "तुला वाईट वाटेल गो, पन बोलतो. बापाला नाचवलंस तेव्हा आमी हसलो. तुजा यंत्र बापावरच शिकला. आता त्याला बापाबिगर काय दिसत नाय."

तो रागानं बोलत होता आणि बरोबर बोलत होता, आणि दुसरी गोष्ट त्याला ठाऊक नव्हती.

मेंढरांच्या मुतात युरिया असतो. पोत्यातही युरिया असतो. कारखान्यात बनला काय नि मेंढीच्या पोटात बनला काय, रेणू तोच. जमिनीवर पडला की मातीतले जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि त्या अमोनियावर कुणाचं नाव नसतं. 'माग'नं हंगामभर एकच उगम पाहिला होता. तुकड्यातुकड्यानं, रोज जागा बदलत, संध्याकाळी पडून दुसऱ्या दिवशीच्या उन्हात चढणारा अमोनिया त्याच्या लेखी मेंढरांचा. काशिरामासारखा माणूस पाळी आली की संध्याकाळी आज एका खाचरात, उद्या दुसऱ्या खाचरात मुठीनं युरिया फेकतो, हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

जो बोलला तोच सापडला.

त्या वर्षी कळप कुणाच्याच खाचरात बसला नाही. ओढ्यापलीकडच्या बिनमालकीच्या खडकाळ माळावर वाघर ताणली गेली. लेंडी दगडांवर वाळत राहिली. आणि काशिरामाची खाचरं तरीही तपकिरी दिसत राहिली.

दर्जा २. टाकून द्या.

केंद्राच्या प्रमुख निरगुडकर मॅडम. त्यांचं बोलणं मोजकं आणि टेबल रिकामं.

"माया, तुझं म्हणणं मला पटतंय."

"मग नकाशा थांबवा मॅडम."

"पटणं म्हणजे दर्जा दोन. तू मला काय शिकवलंयस? पटलेलं टाकून द्यायचं, मोजलेलं ठेवायचं."

"मोजलंय की. कळप माळावर होता आणि ठिपके खाचरात."

"माळ किती लांब? वारा वळून आला असेल, असं कुणीही म्हणेल. मंत्रालयातले तर म्हणतीलच. खोऱ्यात एकही मेंढरू असेपर्यंत संशय मेंढरावर जाणार." त्यांनी चष्मा काढला. "मेंढरं अजिबात नाहीत असा एक पूर्ण हंगाम दे. शून्य हंगाम. त्यातही 'माग'नं मेंढरं दाखवली तर मी स्वतः जाऊन नकाशा बंद करून आणीन."

"आणि त्या हंगामात ती मेंढरं जाणार कुठं?"

"चाऱ्याचा प्रस्ताव मी आजच पाठवते."

त्या खोटं बोलत नव्हत्या. प्रस्ताव त्याच दिवशी गेला. मायाक्कानं तो जाताना पाहिला.

दर्जा ०. नोंद विश्वासार्ह.

भर उन्हात धुळाजी माळावर बसून एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मेंढीची मान त्यांच्या मांडीखाली होती.

"एकच हंगाम," मायाक्का म्हणाली. "पुढच्या दिवाळीला घाट उतरायचा नाही. आपण नाही, आपल्या मागची बिऱ्हाडं पण नाहीत. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकतील."

"ऐकत्याल. मग?"

"मग मी सिद्ध करते की हवा मेंढरांनी नासवली नाही."

"मला ठावं हाय की न्हाई नासवली."

"सरकारला ठाऊक नाही."

"त्येनला कळंस्तवर मेंढरांनी काय खायाचं? फागुनात आपल्याकडं दगडं बी वाळत्यात."

"चारा येणार आहे. केंद्राकडून. मी बघते ते."

काटा निघाला. धुळाजींनी तो उन्हात धरून बघितला आणि फेकला. मेंढी सुटली नि लंगडत कळपात शिरली.

"आन् न्हाई केलं तर?"

"तर हे असंच. यंदा माळ आहे. पुढल्या वर्षी माळावरही कुणी बसू देणार नाही. खोरं गेलं म्हणून समजा."

"म्हंजी खोरं राखायचं तर खोरं सोडायचं."

"एक वर्ष."

"तुमच्या हापिसात वरीस केवड्याचं असतंय गं?"

ती हसली. धुळाजीही हसले. मग ती गंभीर झाली. हे तिला पुढे वारंवार आठवलं, की हसल्यानंतर ती लगेच गंभीर झाली आणि केंद्रातल्या आवाजात म्हणाली, "आबा, एक लक्षात ठेवा. मध्येच काही झालं तरी खाली यायचं नाही. एक कळप जरी उतरला तरी सगळा हंगाम बाद. सगळ्यांचं वर्ष फुकट."

"न्हाई उतरत."

"शब्द?"

"आता बापाकडनं शब्द घ्याया लागलीस? बरं. शब्द."

दर्जा ०. नोंद विश्वासार्ह.

दिवाळी झाली. घाटातून कुणी उतरलं नाही.

खोरं रिकामं म्हणजे किती रिकामं, ते मायाक्काला तेव्हा कळलं. घंटा नाहीत, कुत्री नाहीत, ओढ्याला चुली नाहीत. मनोरा भोवरे मोजत राहिला. पहिले काही आठवडे नकाशा कोरा होता. मग पाटाला पाणी सुटलं, चाचणीचं वर्ष म्हणून यंदा पाळी कुणाचीच बंद नव्हती. उन्हाळी भाताची लावणी झाली आणि एका दुपारी तिच्या पडद्यावर काशिरामाच्या खालच्या खाचरात तपकिरी ठिपका उमटला.

दुसऱ्या दिवशी वरच्या खाचरात. मग बोरघऱ्याला. मग ओढ्यालगत. महिन्याभरात खोऱ्यात मेंढरांची रेलचेल झाली. 'माग'च्या हिशेबानं कळप पूर्वीपेक्षा मोठा होता आणि धडधाकट होता. मायाक्का पडद्यासमोर एकटीच हसली. तिच्या सगळ्या शिक्षणात तिला इतका सुंदर पुरावा मिळाला नव्हता.

ती गाडी काढून आंबेतळीला गेली. काशिराम बांधावरच होता. खाचरात पाणी, पाण्यात रोप, मेंढरू औषधालाही नाही.

"काका, तुमच्या खाचरात मेंढरं बसली आहेत."

"असं? बरी आहेत ना?"

"नकाशा म्हणतो बरी आहेत."

"मग असतील. आमचे डोळे काय, म्हातारे झाले."

ती वाकली. बांधाच्या कडेला पाणी न पोचलेल्या ढेकळावर पांढरे दाणे पडले होते. तिनं चिमूट उचलून तळहातावर घेतली. काशिरामानं ती पाहिली आणि लपवायच्या भानगडीत पडला नाही.

"कधीपासून, काका?"

"आधीपासनं. पन ह्या वर्षाला जास्ती. का जास्ती, विचार."

"का?"

"धुळाबाची मेंढरं बसायची तेव्हा पोती कमी लागायची. दोन वर्षां झाली, खाचराला लेंडी नाय. जमीन उपाशी ठेवू? मेंढरं मी नको बोललो हे खरा. पन मला नको बोलायला लावलंन कोनी?"

"तुमच्या युरियाचं पाप मेंढरांच्या नावावर चढतंय."

"चढू दे ना. मेंढरांची पाण्याची पाळी थोडीच बंद होनार? आनि आता तर ती नाहीतच. नसलेल्याच्या नावावर खपतंय तर कोनाचा काय जातंय?"

मायाक्कानं तळहात झटकला. "हे मी आता दाखवणार आहे. मग ठिपके पांढरे होतील."

काशिरामानं वाकून पाण्यातलं एक कललेलं रोप सरळ केलं. "दाखव," तो म्हणाला. "तुजा बाप सुटेल, आमी अडकू. कोन तरी अडकल्याबिगर तुजा यंत्र चालत नाय, येवढा मला कळलाय."

नोंद नाही. पोकळी भरून काढली आहे.

यंत्रं बंद पडतात. पाऊस, वीज, लेसरवर बसलेला कोळी. मग नोंदींत पोकळी राहते. ती तशीच सोडता येत नाही, कारण वर्षाची बेरीज करायची असते. म्हणून आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांवरून, त्यासारख्याच इतर दिवसांवरून मधलं काय झालं असेल ते काढतात. याला खोटं म्हणत नाहीत. फक्त खाली लिहावं लागतं, की ही जागा भरून काढलेली आहे.

चैत्रात धुळाजींचा फोन लागत नव्हता. मायाक्काला त्यात विशेष वाटलं नाही. तिकडे फोन असाच लागायचा नाही, आणि ती पुरावा मांडण्यात गुंतली होती. त्या दिवसांची भर तिनं नंतर स्वतःच घातली. ती अशी.

चाऱ्याच्या गाड्या बहुधा आल्या, पण उशिरा. आला तो प्लॅस्टिकमध्ये दाबलेला आंबूस मुरघास असावा, गाईंसाठी केलेला. चरायला हिंडणारी मेंढरं त्याला नाक लावून बाजूला झाली असतील. काहींनी खाल्ला असेल नि त्यांची पोटं फुगली असतील. आधी कोकरं गेली असतील. मागच्या बिऱ्हाडांतलं कुणीतरी म्हणालं असेल, धुळाबा, उतरू या की खाली, कोण बघतंय? आणि धुळाजी म्हणाले असतील, न्हाई, शब्द हाय. दुसऱ्यांदा विचारायला कुणी आलं नसेल. मग एका सकाळी व्यापाऱ्याचा ट्रक. मेंढरू फळीवरून चढायला बिचकतं. म्हातारी मेंढी पुढे घातली की बाकीची चढतात. ती पुढे कुणी घातली असेल, याचा आकडा मायाक्काला काढता आला नाही. ती जागा तिनं कोरी ठेवली.

दर्जा १. जपून वापरा.

ती घरी गेली ती पुरावा मान्य झाल्याची बातमी घेऊन. मॅडम बोलल्याप्रमाणे स्वतः मंत्रालयात गेल्या होत्या. मेंढपाळांवरचा संशय उठला, नकाशा बंद न करता दुरुस्त करायचं ठरलं. खोरं मोकळं झालं. फोनवर सांगायची बातमी नव्हती ही.

घरामागचा वाडगा, मेंढरांचं कुंपण, झाडलेला होता. लेंडीचा वाससुद्धा उडून गेला होता. धुळाजी बाजेवर बसले होते, हातात फोन.

तिनं वाडगा बघितला.

"कधी?"

"चैती पुनवंच्या आदूगर."

"सगळी?"

"ऱ्हायलेली समदी. बाकीच्यांची बी. कुनी ऱ्हायलं न्हाई आता."

"मला सांगायचं होतंत. मी काहीतरी केलं असतं."

"काय केलं असतंस?" त्यांनी खरंच विचारलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

"खाली उतरा म्हणाले असते."

"आन् तुजी नोंद?"

मायाक्का उभीच होती.

"उतारलो असतो तर वाचली असती," धुळाजी म्हणाले. "घाटाच्या तोंडाशी गेलतो येकदा. वरनं तुजा मनोरा बी दिसला बारीक. मग म्हनलं ही पोरगी म्हनंल, बापानंच घान केली. माघारी फिरलो." त्यांनी बाजेवर तिला जागा करून दिली. "जिंकलीस न्हवं?"

"जिंकले."

"मग बस की. उबी का?"

ती बसली. धुळाजींनी फोन तिच्याकडे वळवला. पडद्यावर खोऱ्याचा नकाशा होता आणि त्यावर तपकिरी ठिपके.

"काल बोरघऱ्याला हुती," ते म्हणाले. "आज काशिरामाच्या वरल्या खाचरात बसल्यात. त्या खाचरात ओल ऱ्हाती, खुरं सडत्यात. मी कदी बसवत न्हवतो तितं."

"आबा, ही मेंढरं नाहीत. युरिया आहे तो. तेच तर मी सिद्ध केलंय."

"ठावं हाय गं. येडा हाय का मी?"

आणि त्यांनी दोन बोटांनी नकाशा मोठा केला, ओढ्यापर्यंत सरकवला, तिथं काही आहे का बघितलं.

दर्जा २. टाकून द्या.

'माग'ची दुरुस्ती फार मोठी नव्हती. युरियाच्या नोंदी आता हाती होत्या. त्या दाखवून 'माग'ला पुन्हा शिकवायचं आणि नवा नकाशा जुन्यावर चढवायचा. मायाक्कानं शिकवून झालं, नवा नकाशाही तयार झाला. चढवायचं तेवढं राहिलं.

"अजून तपासते आहे," ती मॅडमना म्हणाली.

पुढच्या आठवड्यातही तेच म्हणाली.

मॅडम तिच्या खोलीत आल्या. एरवी त्या कुणाच्या खोलीत जात नसत. "तुझ्या वडिलांचं कळलं मला. तो प्रस्ताव वर अडकला होता. मी फोन करायला हवे होते, एकदा नाही, रोज."

"हो," मायाक्का म्हणाली. तिनं त्यांची समजूत घातली नाही.

"पण नकाशा चुकीचा आहे आणि ते आपल्याला माहीत आहे. चुकीचा आहे म्हणून तू एवढं सगळं केलंस. आता तो का ठेवतेस?"

याला उत्तर होतं. पण ते अर्ध्या तासाच्या कुठल्याच नोंदीत बसणारं नव्हतं. एक माणूस रोज सकाळी चहाच्या आधी आपली मेंढरं कुठं बसली आहेत ते बघतो. त्यांना ओल लागेल का याची काळजी करतो. संध्याकाळी पुन्हा बघतो. खोटी आहेत हे त्याला ठाऊक आहे. बाकी खरं असं त्याच्याकडे तिनं काही ठेवलेलं नाही.

उलट बाजूला शहरातली खोकणारी मुलं होती. हवा कुठून बिघडते हे कळलं नाही तर ती खोकत राहणार होती. काशिरामाला कुणीतरी समोर बसून सांगायला हवं होतं, की बाबा, युरिया फेकू नकोस, चिखलात खोल दाब, म्हणजे तो रोपाच्या मुळाशी राहील नि अर्धा पुरेल. ठिपका तपकिरी असेपर्यंत त्याला हे कोण सांगणार? मेंढरांना थोडंच सांगायचं?

मॅडम गेल्यावर तिनं जेवणाचा डबा उघडला, तसाच बंद केला आणि नवा नकाशा चढवला. खोऱ्यातले ठिपके एकेक करून विझले. पडदा क्षणभर कोरा झाला. मग त्याच खाचरांत, त्याच जागी पांढरे ठिपके उगवले. दर्जा शून्य. इतका स्वच्छ नकाशा केंद्रानं आजवर काढला नव्हता.

दर्जा: अजून दिलेला नाही.

फोन लगेच आला नाही. दुपार कलल्यावर आला.

"मायाक्का."

"बोला आबा."

"मेंढरं दिसंनात."

तिनं डोळे मिटले. "आबा, मेंढरं तुम्ही विकलीत."

"ती विकली. त्ये मला सांगू नगंस. मी ह्या फोनातल्यांचं इचारतोय. सकाळी वड्याला हुती."

"ती चुकीची होती. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"चुकीची का हुईनात. हुती न्हवं?"

तिनं पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यांकडे पाहिलं.

"आता समदं पांढरं दिसतंय," धुळाजी म्हणाले. "कुनी हाकलली?"

काही सांगता आलं असतं. केंद्राचं नाव, मॅडमचं, मंत्रालयाचं.

"मी," मायाक्का म्हणाली.

फोन त्यांनी ठेवला नाही. थोड्या वेळानं वाडग्याचं फाटक करकरल्याचा आवाज आला, आणि मग धुळाजी कुणाशी तरी बोलल्यासारखे, पण तिच्याशी नव्हे, हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे उघडं."